रमण्यापासून विकासगटापर्यंत

पर्वतीच्या पायथ्याशी रमणा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिंतबंद आवारात श्रावणमासी हजारो ब्राह्मणांना आत घ्यावे आणि मग दरवाजातून एकेकाला बाहेर सोडताना त्याच्या हातावर दक्षिणा ठेवावी, अशी जी चाल पेशवाईत पडली होती, तिची वर्णने वाचताना प्रथम खर्चाचे आणि मग गर्दीचे नवल वाटते. परंतु शिक्षणाचा इतिहास पाहू जाणाऱ्याने लक्ष द्यावे अशी गोष्ट त्या गर्दीच्या बाहेर घडत असे. विद्वत्तेचा दावा सांगणाऱ्या शास्त्रीपंडितांना रमण्यातल्या घोळक्यात उभे केले जात नसे. त्यांची परीक्षा वेगळी, वाड्यात, जाणत्या शास्त्र्यांच्या समक्ष होई, आणि तीत उतरणाऱ्याला रमण्यातल्या दक्षिणेहून कितीतरी अधिक रक्कम, कधी शालजोडीसह, मिळत असे. तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली ही दक्षिणा, त्यांचा मुलगा त्रिंबकराव १७३१ साली डभईच्या लढाईत पडल्यानंतर, पहिल्या बाजीरावाने पुण्यात चालू ठेवली, आणि पुढे ती पेशव्यांच्या दफ्तरातील एक कायमची खर्चाची बाब होऊन बसली. दान आणि निवड या दोन्ही क्रिया तीत शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि निवडीपुरते बोलायचे तर ती बहुधा प्रामाणिकही असावी. मात्र परीक्षेला उभे कोणी राहावे हा प्रश्न परीक्षेच्या कितीतरी आधी, जन्माच्या वेळीच, निकालात निघालेला होता.

सार्वजनिक खजिन्यातून हुशार मुलाला हात देण्याचा आपल्या प्रांतातला पुढचा सगळा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरत राहिला असे मला वाटते. हुशारी कशी मोजावी याविषयी आपल्याकडे वेळोवेळी पुष्कळ खल झाला. कोणाला कोणाच्या शेजारी बसवून मोजावे, याचा विचार मात्र फार उशिरा आणि फार सावकाश झाला.

१८१८ मध्ये इंग्रजी अंमल बसल्यावर दक्षिणा एकाएकी बंद करावी तर पुण्यातला विद्वान वर्ग बिथरेल, आणि आहे तशी चालवावी तर कंपनीच्या हिशेबात ती निव्वळ उधळपट्टी ठरेल, अशा पेचात सापडलेल्या एल्फिन्स्टनने त्या रकमेचा काही भाग विद्येकडे वळवून १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पुढे १८५० च्या आगेमागे लोकहितवादी आदी सुधारकांनी, या पैशातून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना, मग त्यांची जात कोणतीही असो, बक्षिसे द्यावीत असा अर्ज सरकारकडे केला, तेव्हा पुण्यात केवढी खळबळ उडाली हे प्रसिद्धच आहे. अर्ज काही अंशी मंजूर झाला, दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली, आणि त्यानंतर त्याच निधीतून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले, ज्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे ही नावे आहेत. रमण्याच्या दरवाजातून बाहेर पडणारा पैसा असा अखेर विद्यापीठाच्या दारी येऊन पोहोचला.

शाळकरी मुलांसाठी शिष्यवृत्त्या याच सुमारास रूढ झाल्या, आणि त्या चढाओढीच्या परीक्षेने द्याव्यात हे तत्त्व इंग्रज अधिकाऱ्यांना इतके स्वयंसिद्ध वाटत होते की त्याचे समर्थन करण्याची गरजही त्यांना भासली नाही. ती भासवून दिली जोतीराव फुल्यांनी. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन केले, त्यातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी आणि रयतेच्या कराचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो ही तक्रार सर्वांना ठाऊक आहे. शिष्यवृत्त्यांविषयीचा लहानसा मजकूर मात्र सहसा कोणी काढून दाखवीत नाही. त्यात त्यांचे म्हणणे असे, की सरकारी शिष्यवृत्त्या देण्याची चालू रीत ज्या वर्गांना विद्येची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच आणखी उत्तेजन देते. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्यायाचे दिसले तरी त्यामुळे इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. तेव्हा ज्या जातींत विद्येचा प्रसार झालेला नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या निराळ्या काढाव्यात. परीक्षकांवर त्यांनी पक्षपाताचा आळ घातला नाही, प्रश्नपत्रिकेलाही बोल लावला नाही. तराजू खरा असेल, पण तो कोणाच्या ओसरीवर मांडला आहे तेवढे पाहा, इतकेच त्यांचे सांगणे. शिक्षणशास्त्राची मोठाली पुस्तके ज्या सिद्धान्तापाशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचली, तो एका फुलमाळ्याच्या मुलाने, ज्याने स्वतः शाळा काढून आणि चालवून पाहिल्या होत्या, अशा चार वाक्यांत कमिशनच्या टेबलावर ठेवला होता.

त्यांच्या म्हणण्यातले मर्म उमगण्यासाठी त्या काळच्या सर्वांत मानाच्या शिष्यवृत्तीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. नाना शंकरशेटांच्या नावाने ठेवलेली ती शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास मिळे, आणि ती मिळविणाऱ्याचे नाव घरोघर घेतले जाई. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली. परंतु १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेण्याची मनापासून इच्छा असूनही, अस्पृश्याच्या मुलाला तो विषय शिकविण्यास शिक्षक तयार नसल्यामुळे, फारसी घ्यावी लागली होती. शिष्यवृत्तीच्या नियमावलीत जातीचा उल्लेख असण्याचे काही कारणच उरले नव्हते. विषयाच्या निवडीपाशीच ते काम उरकलेले होते. आंबेडकरांना पुढे जो हात मिळाला तो परीक्षेच्या वाटेने मिळाला नाही. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकरांच्या नजरेस पडला, त्यांनी त्याची शिफारस बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे केली, आणि तेथून दरमहा पंचवीस रुपये सुरू झाले. १९१३ मध्ये कोलंबियाला जाण्याची तजवीजही त्याच दरबाराने केली. एका गुणग्राही गुरुजींची संध्याकाळची बैठक त्या बागेत नसती तर काय झाले असते, हा विचार मनात आला की शिष्यवृत्त्यांच्या सगळ्या याद्यांकडे थोडे साशंकतेनेच पाहावेसे वाटते.

संस्थानिकांच्या आणि समाजसेवकांच्या प्रयत्नांत आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे वसतिगृह. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे उभी करविली, भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढून १९२४ पासून साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसविले. या दोघांनी हुशारी मोजण्याच्या भानगडीत न पडता, खेड्यातल्या मुलाला शहरातल्या शाळेच्या उंबऱ्यापर्यंत आणून त्याच्या दोन वेळच्या भाकरीची सोय लावली. शिष्यवृत्तीची रक्कम कितीही असली तरी ती घेऊन राहावयाचे कोठे, हा प्रश्न कारकुनाच्या फॉर्मात कधीच विचारलेला नसतो.

मध्यंतरी एक नवे शास्त्र आपल्याकडे आले होते. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी सिमों यांनी बुद्धिमापनाची जी कसोटी तयार केली, ती वर्गात मागे पडणाऱ्या आणि निराळ्या अध्यापनाची गरज असलेल्या मुलांना ओळखून काढण्यासाठी होती. अमेरिकेत जाऊन तिचे रूप पालटले, आणि तिकडून ती आपल्याकडे आली ती प्रामुख्याने हुशार मुले वेचण्याचे साधन म्हणून. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचे रूपांतर करून, त्या अनुभवावर भारतीय मुलांच्या बुद्धिमापनाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध केला. पाठांतरावर भर देणाऱ्या जुन्या परीक्षांपेक्षा ही पद्धत घरच्या विद्येवर कमी अवलंबून राहील अशी आशा तेव्हा अनेकांना वाटत होती, आणि ती अगदीच खोटी ठरली असे म्हणवत नाही; पण ती कितपत खरी ठरली, ते पुढच्या हकिकतीवरून दिसेल.

१९५४-५५ पासून मुंबई राज्यात चौथी आणि सातवीच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाली. मराठवाडा आणि विदर्भ १९५६ मध्ये त्या राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात गेल्या, आणि या सर्व उलथापालथीत ही परीक्षा मात्र टिकून राहिली, इतकेच नव्हे तर फोफावली. ‘स्कॉलरशिपला बसणे’ हा वाक्प्रचार तिच्यामुळेच खेड्यापाड्यांत रुळला. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी असे तिचे तीन पेपर कित्येक वर्षे होते, आणि ज्यांनी ते सोडविले त्यांना विसंगत पद ओळखणे, संख्यामालिका पुरी करणे, सांकेतिक लिपी उलगडणे, आरशातील प्रतिमा शोधणे या करामती साठीतही आठवतात असा माझा अनुभव आहे. सातारा, सांगली, कोल्हापुराकडच्या जुन्या शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीत एक काळा फळा टांगलेला असतो, त्यावर पांढऱ्या रंगाने साल आणि नावे रंगवलेली असतात; काही साले कोरी, काहींपुढे दोन नावे, आणि मध्येच एखाद्या वर्षी अकरा. त्या अकरा नावांच्या वर्षी शाळेत कोणते गुरुजी होते, हे गावातला कोणीही म्हातारा न चुकता सांगतो.

ते गुरुजी काय करीत? दिवाळी झाली की शाळा सुटल्यावर जादा तास सुरू होई. बुद्धिमत्तेच्या प्रश्नांचे जे प्रकार मुलाच्या अंगभूत बुद्धीची परीक्षा घेतील अशी मूळ कल्पना होती, त्या प्रकारांचीच वर्गवारी करून, सराव प्रश्नपत्रिका आणून, नसल्यास स्वतःच्या हाताने सायक्लोस्टाइल करून, दर रविवारी त्या सोडवून घेतल्या जात. रात्री शाळेतच अंथरुणे टाकून मुलांना निजविणारे, पहाटे उठवून पाढे म्हणवून घेणारे आणि परीक्षेच्या दिवशी स्वखर्चाने तालुक्याच्या केंद्रावर घेऊन जाणारे शिक्षक होते, आणि त्यांच्या कष्टांविषयी आदराखेरीज दुसरी भावना मनात आणणे कृतघ्नपणाचे होईल. तरीही इतिहास लिहिणाऱ्याने हे नोंदविलेच पाहिजे, की बुद्धिमत्ता चाचणी हा विषय शिकविता येत नाही असे शास्त्र म्हणत होते, आणि तो शिकविता येतो हे या गुरुजींनी फळ्यावरच्या अकरा नावांनी सिद्ध करून दाखविले. जेथे असे गुरुजी नव्हते तेथे फळा कोरा राहिला, आणि त्या कोऱ्या जागेचा अर्थ वरच्या कचेरीत ‘या शाळेत हुशार मुले नाहीत’ असा लागत गेला.

खरी निवड तर त्याही आधी होत असे, आणि तिची नोंद कोणत्याच दफ्तरात सापडावयाची नाही. वर्गातली चाळीस मुले काही परीक्षेला बसविली जात नसत. गुरुजी त्यांतली सात-आठ मुले काढीत. या बाबतीत त्यांना पुरी मुखत्यारी असे, आणि त्यांच्या नजरेत भरण्यासाठी मुलाने निदान रोज शाळेत तरी यावे लागे. आता ही परीक्षा पुष्कळ वर्षे फेब्रुवारीत होत आली आहे, आणि फेब्रुवारी म्हणजे साखर कारखान्यांचा ऐन हंगाम. बीड, अहिल्यानगरकडची जी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन बैलगाड्यांनी बाहेर पडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात, त्यांची मुले जादा तासाच्या आणि परीक्षेच्या त्याच महिन्यांत उसाच्या फडाशेजारी कोपीत राहून धाकट्या भावंडांना सांभाळीत असतात. या मुलांना परीक्षेपासून दूर ठेवण्याचा हुकूम कोणी काढलेला नाही. तारीख ठरविणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शाळेचे वर्ष होते, उसाचे नव्हते, एवढेच.

१९६६ साली, मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना, राज्याने एक निराळा प्रयोग केला. श्रीमंतांच्या मुलांना पब्लिक स्कूलमध्ये मिळते तशा प्रकारचे निवासी शिक्षण ग्रामीण भागातील निवडक बुद्धिमान मुलांना सरकारी खर्चाने द्यावे, या हेतूने औरंगाबाद, धुळे, पुसेगाव अशा ठिकाणी शासकीय विद्यानिकेतने निघाली, आणि चौथीनंतर निवडपरीक्षेतून आलेली मुले तेथे पाचवीपासून राहू लागली. खुद्द खानदेशातल्या खिरोद्याच्या या मंत्र्याला खेड्यातल्या मुलाची अडचण पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. विद्यानिकेतनांतून पुढे आलेल्यांची नामावली चांगली लांब आहे, आणि त्यांचे आपल्या शाळेवरचे प्रेम तर एखाद्या आजोळासारखे आहे. माझी कुरबूर संख्येपुरती: सबंध राज्यात अशी विद्यानिकेतने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली, आणि जेथे जागा इतक्या थोड्या तेथे चढाओढीला धार येऊन पुन्हा जादा तासवाल्या शाळाच पुढे सरकणार, हे ओघानेच आले. सातारच्या सैनिक शाळेचेही, जी देशातली पहिली म्हणून २३ जून १९६१ रोजी सुरू झाली, बरेचसे असेच. आणि तिचा दरवाजा तर मुलींना साठ वर्षे बंदच होता. पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी काढून मानसशास्त्रीय कसोट्यांवर निवडलेल्या मुलांच्या शिक्षणाचा जो विचार मांडला, तो खोलीने यांहून पुढचा होता. पण ती संस्था सरकारी नव्हती, तेव्हा येथे तिचा उल्लेख पुरे.

फुल्यांच्या निवेदनाला खरे उत्तर आले ते अशा प्रकारे, की ते उत्तर आहे हे कोणाच्या लक्षातही आले नाही. १९७१-७२ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण भागातील बुद्धिमान मुलांसाठी माध्यमिक शिक्षणाची एक शिष्यवृत्ती योजना काढली, आणि तिचे माप विकासगट हे ठेवले: प्रत्येक विकासगटाला ठराविक शिष्यवृत्त्या, मग तेथील पहिल्या मुलाचे गुण पुण्यातल्या शंभराव्या मुलापेक्षा कमी का असेनात. अक्राणीसारख्या दुर्गम तालुक्यातल्या मुलाची बरोबरी आता पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या मुलाशी व्हायची नव्हती, अक्राणीतल्याच दुसऱ्या मुलाशी व्हायची होती. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेतही शहरी आणि ग्रामीण असे वेगळे संच झाले, भूमिहीन शेतमजुरांच्या पाल्यांसाठी वेगळा संच झाला, आणि निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रांत छापल्या जाणाऱ्या याद्यांचे ते लांबलचक मथळे, ज्यांना शहरातले पालक कंटाळत असत, वस्तुतः नव्वद वर्षांपूर्वीच्या एका निवेदनाचा अंमल होते. कागदोपत्री मात्र तो ‘प्रशासकीय सोय’ या सदराखाली झाला, आणि त्यामुळे त्याच्यावर कडाक्याचा वादही झाला नाही. आपल्याकडे काही चांगल्या गोष्टी अशा तपशिलाच्या आडोशाने घडून जातात.

जवाहर नवोदय विद्यालयांनी हेच तत्त्व जिल्ह्याच्या पातळीवर नेले. १९८६ च्या सुमारास देशात जी पहिली दोन विद्यालये निघाली, त्यांतले एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. सहावीत ऐंशी जागा, त्या त्याच जिल्ह्यातल्या मुलांना, त्यांत निदान पाऊण हिस्सा ग्रामीण भागाचा आणि एक तृतीयांश मुलींचा. प्रश्नपत्रिका मुलाच्या भाषेत. आणि निम्मा भार अक्षर वाचावे न लागणाऱ्या आकृत्यांच्या प्रश्नांवर. कागदावर याहून निर्दोष रचना सुचणे कठीण. आणि तरीसुद्धा तालुक्याच्या गावी भिंतींवर ‘नवोदय प्रवेश परीक्षेची हमखास तयारी’ अशा पाट्या रंगू लागण्यास वेळ लागला नाही; रचना जिल्ह्याची असली तरी जिल्ह्यात तालुक्याची गावे असतात, आणि तालुक्याच्या गावात शिक्षकांची, तलाठ्यांची, दुकानदारांची मुले असतात, जी नियमाप्रमाणे पुष्कळदा ग्रामीणच ठरत. २००८ पासून आठवीच्या मुलांसाठी जी केंद्रीय शिष्यवृत्ती आली, तिला उत्पन्नाची मर्यादा घालून हेही छिद्र बुजविण्याचा प्रयत्न झाला, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला तीत ११,६८२ शिष्यवृत्त्या आल्या. तिच्या इंग्रजी नावात ऐपत आणि गुणवत्ता हे दोन्ही शब्द आहेत. मराठी नावात मात्र ‘आर्थिक दुर्बल घटक’ एवढेच उरले, आणि मुलाच्या हुशारीचा उल्लेख भाषांतराच्या वाटेवर कोठेतरी गळून पडला.

राज्याची जुनी परीक्षा या काळात चालूच होती, पण तिच्या रकमेकडे पाहण्यास कोणाला सवड नव्हती. २०२३ मध्ये ती वाढवून पाचवीच्या मुलाला वर्षाला ५,००० आणि आठवीच्या मुलाला ७,५०० रुपये करण्यात आले, तोपर्यंत ती गुणवत्तेचा मान म्हणूनच दिली-घेतली जात होती. या वाक्यात पाचवी आणि आठवी असे आले याचे कारण असे, की २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी विभागणी केली, आणि तिच्याशी मेळ घालण्यासाठी ही परीक्षा २०१६-१७ पासून चौथी आणि सातवीवरून पाचवी आणि आठवीवर नेली गेली. बदल एका इयत्तेचा, आणि कायद्याच्या दृष्टीने बिनतोड. परंतु वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा चौथीपर्यंतच आहेत. तेथून मुले पाचवीला दोन-चार मैलांवरच्या हायस्कुलात जातात, जेथे ती नवखी असतात, वर्ग साठ-सत्तरांचा असतो, आणि पाचवीचा वर्ग हा दहावीच्या निकालाची काळजी वाहणाऱ्या शाळेच्या दृष्टीने शेवटच्या बाकावरचा असतो. चार वर्षे त्या मुलाला ओळखणारे, त्याची बहीण कोणत्या फडावर गेली आहे हे जाणणारे आणि दिवाळीनंतर त्याला थांबवून घेणारे गुरुजी आधीच्या शाळेत मागे राहिले. त्यांच्या वर्गाला आता परीक्षाच नव्हती. शाळा पाच वाजता सुटू लागली, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या फळ्यावर पुढे रंगवायला काही उरले नाही.